सहा छोटे नट

माझ्या फोक्सवॅगन बीटल गाडीच्या इंजिनखाली, बरोबर मधोमध, एक गोल पत्र्याची प्लेट आहे, साधारण तळहाताएवढी. सहा छोट्या नटांनी ती धरलेली असते आणि तिच्या वर आत एक तारेची जाळी बसते. या इंजिनला हल्लीसारखा कागदी ऑइल फिल्टर नाहीच, जी काय गाळणी आहे ती ही जाळी, त्यामुळे ऑइल बदलताना प्लेट काढायची, जाळी धुवायची, दोन्ही बाजूंची पॅकिंग नवीन घालायची, नट परत लावायचे आणि अडीच लिटर ऑइल ओतायचं, झालं काम. आणि ह्या एवढ्याशा कामाने मला पहिल्यांदा कळलं की गाडी घेतली खरी आपण, पण मेकॅनिक शोधायचा कसा ते काय आपल्याला येत नाही.

गाडी 1968 ची. घेतली तेव्हा मी फार खूश होतो, म्हणलं जगात 2 कोटी 15 लाखांच्या वर बीटल बनल्यात, 2003 पर्यंत मेक्सिकोत बनत होत्या, म्हणजे पार्टची चिंता नाही. आणि खरंच पार्टची चिंता नव्हती. पार्ट मिळतो हो, तो बसवणारा हात मिळत नाही.

तर पहिलं सर्व्हिसिंग मी माझ्या रोजच्या गाडीच्या गॅरेजमध्ये दिलं. मोठं, चकाचक, फरशीवर डाग नाही, प्रत्येकाच्या अंगावर युनिफॉर्म. पोरांना गाडी बघून आनंद झाला, फोटो काढले, एकाने विचारलं कूलंट कुठे टाकायचं (एअर कूल्ड आहे रे बाबा, रेडिएटरच नाही हिला), तेव्हाच मी गाडी फिरवून परत यायला हवं होतं पण म्हणलं ऑइलच तर बदलायचंय, त्यात काय चुकणार. त्या पोराने हवेची गन घेतली आणि टर्रर्र टर्रर्र टर्रर्र, सहा नट दहा सेकंदांत.

आता हे नट किती आवळायचे असतात माहितीये? 7 न्यूटन मीटर. म्हणजे छोटा पाना दोन बोटांत धरून जेवढा जोर येईल तेवढाच. कारण ज्यात ते स्टड (नट ज्यांच्यावर चढतात ते आट्यांचे खिळे) बसलेत तो इंजिनचा केस लोखंडाचा नाही, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे, हलका आणि मऊ. जास्त आवळलं की स्टड आटे घेऊन बाहेर येतो. तीन आठवड्यांनी पार्किंगमध्ये थेंब दिसायला लागले, मग थेंबाचं थारोळं झालं, आणि खाली घुसून बघितलं तर सहातले चार नट नुसते गोल फिरत होते. आटे गेलेले.

परत नेली तर काय उत्तर मिळालं, "जुनी गाडी आहे सर, लीकेज असणारच."

हे वाक्य जरा लक्षात ठेवा. जुन्या गाडीवाल्याला सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे आहे. जुनी आहे आवाज येणारच, जुनी आहे ब्रेक असेच लागणार, जुनी आहे तापणारच. हे म्हणणाऱ्या माणसाने शोधणं सोडून दिलेलं असतं, म्हणजे खरं तर सुरूच केलेलं नसतं. गाडी नवी होती तेव्हा गळत नव्हती ना? मग आज गळते याला काहीतरी एक कारण आहे, ते कुठेतरी बसलंय, आणि ते हाताला लागू शकतं.

त्या पोरांना मी नावं ठेवत नाही तसा. त्यांचं शिक्षणच वेगळं. अमेरिकेत 1996 पासून प्रत्येक नव्या कारला तो ओबीडी टू सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची जागा) सक्तीचा झाला, मग हळूहळू सगळीकडेच तसं काहीतरी आलं, स्कॅनर लावला की गाडी स्वतः सांगते कुठे दुखतंय. माझी गाडी काही सांगत नाही. ती फक्त आवाज काढते, वास सोडते, गचके देते, आणि त्यातून कळून घ्यायचं असतं. एकाच गाडीत जाळीचा नट 7 न्यूटन मीटरचा आणि मागच्या चाकाचा मोठा नट जवळपास 300 चा, त्याला लांब दांडा लावून अक्षरशः उभं राहावं लागतं. दोन्ही एकाच हाताने आवळणारा माणूस आपल्या कामाचा नाही, एवढं तेव्हा डोक्यात बसलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. "स्पेशालिस्ट" शोधला. आणि इथे खरी फसगत झाली, कारण पहिल्या गॅरेजला निदान माहीत तरी नव्हतं, याला माहीत असल्यासारखं बोलता येत होतं.

गाडीला तेव्हा एक विचित्र रोग लागला होता. आयडलला, म्हणजे पाय न लावता नुसतं इंजिन चालू असताना, एकदम छान, घड्याळासारखी. फुल दाबली तरी ठीक. पण मधल्या स्पीडला, हलका पाय ठेवून आरामात चाललो की गचके, फट, परत नॉर्मल, परत गचके. स्पेशालिस्ट साहेबांनी बोनट... म्हणजे मागचं झाकण उघडून दोन मिनिटांत निदान केलं, कॉइल, म्हणजे स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग. कॉइल बदलली. आठवड्याने परत तेच. मग प्लग आणि वायरी. मग म्हणाले पेट्रोल पंप. मग म्हणाले हे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आता संपलंय, नवीन बसवू. दर वेळी चक्कर मारून आणली की "आता बघा किती मस्त झालीय" आणि मलाही दोन दिवस खरंच मस्त वाटायची, खर्च केल्यावर वाटतंच. चौथ्या फेरीत मी विचारलं की जुनं कार्ब्युरेटर द्या ना परत, ओरिजिनल सोलेक्स कंपनीचं होतं ते, तर म्हणे भंगारात गेलं.

ओरिजिनल सोलेक्स. नीट साफ करून, थ्रॉटलच्या दांड्याला नवीन बुश घालून आणखी तीस वर्षं चाललं असतं. त्याच्या जागी आलेली नक्कल इतकी हलक्या प्रतीची होती की तिचा चोकच धड उघडत नव्हता. आणि गचके तसेच.

तो दिवस मी विसरत नाही. राग आला वगैरे ठीक आहे, पण जास्त करून स्वतःचाच आला, की चार वेळा तोच माणूस अंदाज मारतोय आणि आपण चार वेळा मान हलवतोय. एकदाही मी विचारलं नाही की कॉइलच खराब आहे हे तुम्हाला कशावरून कळलं. नुसता हा एक प्रश्न विचारला असता तरी खूप वाचलं असतं. ज्याने खरंच तपासलंय तो उत्तर देतो, बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त देतो, थांबवावं लागतं. ज्याने अंदाज मारलाय तो अनुभव किती वर्षांचा ते सांगतो.

त्या फुटलेल्या आट्यांचं काम अजून बाकी होतं, त्यासाठी एका लेथवाल्याकडे गेलो होतो, जिथे इंजिन बोअर करणं, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट असली कामं चालतात. त्याने स्टडच्या जागी इन्सर्ट, म्हणजे नवीन आट्यांचे तुकडे, टाकून दिले, स्वच्छ काम. पैसे देताना सहज विचारलं, या असल्या गाड्यांचं काम तुमच्याकडे कोण घेऊन येतं? तो हसला. म्हणाला घेऊन बरेच येतात, पण धुऊन कोण आणतो ते विचारा.

मला कळलंच नाही आधी. मग त्याने सांगितलं, की काही मेकॅनिक हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह बसतात तो भाग) तसंच काळं मिट्ट आणून टाकतात आणि सांगतात सगळं करून टाक, आणि एकजण आहे तो हेड धुऊन, प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर टाकून, कुठे क्रॅक वाटतोय तिथे खडूने खूण करून आणतो, आणि न्यायला आला की स्वतःची पट्टी लावून सपाट आहे की नाही बघितल्याशिवाय पैसे देत नाही. "त्रास आहे त्या माणसाचा," लेथवाला म्हणाला. मी लगेच नंबर घेतला.

हे मी आता प्रत्येकाला सांगतो. गाडीवाल्यांना विचारू नका मेकॅनिक कोण चांगला, गाडीवाला फक्त माणूस गोड बोलतो का आणि बिल किती येतं एवढं सांगू शकतो. लेथवाल्याला विचारा, रेडिएटर रिपेअरवाल्याला विचारा, पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाला विचारा. त्यांना इंजिनच्या आतली हकीकत दिसते. कोण तोच पार्ट महिन्यात तिसऱ्यांदा नेतोय, कोण दोन नमुने मागवून मोजमाप करून एक परत करतो, सगळं माहीत असतं त्यांना, फक्त कोणी विचारत नाही.

तर लेथवाल्याने सांगितलेला हा मेकॅनिक म्हणजे ते काका. गॅरेज लहान, जेमतेम तीन गाड्या मावतील. जाताना मी एक गोष्ट बघून ठेवली, सहज नाही, आधीच ठरवून, की धूळ खात पडलेल्या गाड्या किती आहेत. ज्या गॅरेजच्या दारात टायर बसलेल्या, काचेवर बोटाने नावं लिहिता येतील अशा चार गाड्या वर्षानुवर्षं उभ्या असतात ना, त्या कोणाच्या तरी अर्धवट सोडलेल्या गाड्या असतात आणि पाचवी आपली होणार असते. इथे एकही नव्हती.

काकांनी गाडीला हातच लावला नाही आधी. प्रश्न विचारत बसले. गचके कधी? थंड असताना का गरम झाल्यावर? चढावर जास्त का सपाट रस्त्यावर? पाय सोडला की थांबतात का पाय दाबला की? पेट्रोल अर्ध्याखाली असताना होतात का? मी म्हणालो फुल दाबली की होतच नाही, हलका पाय असला की होतं. ते एकदम थांबले. "हलका पाय," असं स्वतःशीच परत म्हणाले आणि मग झाकण उघडलं.

इंजिन आयडलला चालू ठेवलं. डिस्ट्रिब्युटरकडून (प्रत्येक सिलिंडरला वेळेवर स्पार्क वाटणारा भाग) कार्ब्युरेटरकडे एक बारीक व्हॅक्यूमचा पाइप जातो, तो त्यांनी कार्ब्युरेटरच्या बाजूने काढला, शर्टाला पुसला, आणि तोंडात धरून जोरात ओढला, जसं लहान मुलं स्ट्रॉने ओढतात तसं. इंजिन फट करून बंद.

परत चालू केलं, परत ओढलं, परत बंद.

मी बघतच राहिलो. त्यांनी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, रोटर काढला, आणि मला वाकायला लावलं. आत पॉइंट, म्हणजे स्पार्कसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट व्हॅक्यूमने थोडी फिरते, त्याने स्पार्कचं टायमिंग पुढे जातं, आणि ते नेमकं हलक्या पायाला जास्त होतं. पॉइंटला जाणारी एक छोटी वायर असते, बोटभर लांबीची, ती प्लेटबरोबर हलते. पन्नास वर्षं हलून हलून तिचं वरचं आवरण एका जागी घासलं होतं, आणि प्लेट फिरली की तो उघडा तांब्याचा भाग डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला टेकत होता. टेकला की करंट बॉडीत उतरतो, स्पार्क गायब. फुल दाबली की व्हॅक्यूम पडतो, प्लेट मागे येते, वायर सुटते, गाडी पळते.

बोटभर वायर. आणि मी तिच्यासाठी कॉइल, प्लग, पंप आणि एक सोलेक्स घालवून बसलो होतो.

वायर बदलली, पॉइंटचा गॅप 0.4 मिलिमीटर लावला, तोंडाने परत ओढून बघितलं, इंजिन बंद पडलं नाही. मग चक्कर मारायला गेले, मला शेजारी बसवून, आणि मुद्दाम हलक्या पायाने चालवली. परत आल्यावर ती जुनी वायर माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती.

पण मला पटलं ते त्यानंतर. मी उत्साहात म्हणालो काका आता गिअरबॉक्सचं पण बघून टाका, दुसरा गिअर कधीकधी निसटतो. ते म्हणाले, "ते मी नाही करत. उघडीन, पण मग तुमच्या गाडीवर शिकीन. त्यासाठी माणूस सांगतो." मी आजपर्यंत ज्यांच्याकडे गेलो होतो त्यांच्यातल्या एकानेही कधी कुठल्या कामाला नाही म्हटलं नव्हतं. डेंटिंगपासून वायरिंगपर्यंत सगळं होऊन जाईल सर, सोडून जा गाडी. मला आता हे "सगळं होऊन जाईल" ऐकलं की पोटात गोळा येतो.

त्याच दिवशी त्यांनी न सांगता आणखी एक बघितलं होतं, पेट्रोलचे पाइप. सगळे वाकवून वाकवून, नखाने दाबून. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं, जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही, पाइप बाहेरून ठीक दिसतात आणि वाकवले की बारीक चिरा उघडतात. बीटलचं इंजिन मागे, त्याच्यावर पेट्रोलचा पंप आणि कार्ब्युरेटर, पाइप निसटला तर पेट्रोल थेट गरम इंजिनवर. या गाड्या जळतात त्या बऱ्याचदा अशाच जळतात. आधीच्या दोन्ही ठिकाणी गाडी एकूण सहा वेळा गेली होती, कोणी त्या पाइपांकडे बघितलं नव्हतं, स्पेशालिस्ट साहेबांनी तर पंप बदलून जुनाच पाइप परत चढवला होता. मी आता कुठल्याही नवीन मेकॅनिककडे गेलो (कोणी मित्र घेऊन जातो बरेचदा, "चल बघ हा माणूस कसा वाटतो" म्हणून) तर गप्प उभा राहतो आणि बघतो की झाकण उघडल्यावर त्याचा हात आधी कुठे जातो. पाइपकडे गेला तर मी निम्मा निवांत. मोबाइलकडे गेला तर बघू.

आणि पहिल्याच दिवशी इंजिन सोपवायचं नाही, हे पण. एक छोटं काम द्यायचं. ब्रेक अ‍ॅडजस्टमेंट द्या. माझ्या गाडीला चारही ड्रम आहेत, आणि ते आपोआप अ‍ॅडजस्ट होत नाहीत, भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून आतलं दातेरी चाक फिरवायचं, चाक घासेपर्यंत न्यायचं आणि मग दोन-चार दाते मागे यायचं, प्रत्येक चाकाला दोनदा. कंटाळवाणं काम आहे. ज्याने चारही चाकं उचलून, हाताने फिरवून, कान लावून केलं तो पुढची कामं पण करेल. ज्याने पेडल खाली जातंय म्हणून नुसतं ब्रेक ऑइल टॉपअप करून दिलं, त्याला नमस्कार करून निघायचं. ब्रेक ऑइलवरून आठवलं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि शेवटचं कधी बदललं हे विचारणारा मेकॅनिक मला आयुष्यात एकच भेटला. कोण ते सांगायला नको.

आपली बाजू पण आहे हां, ती कोणी लिहीत नाही. मी पण वाईट गिऱ्हाईक होतो. शुक्रवारी गाडी द्यायची आणि रविवारी पाहिजे म्हणायचं. स्वस्तात मिळाला म्हणून स्वतःच पार्ट आणायचा आणि तो चालला नाही की मेकॅनिककडे बघायचं. कुठलातरी व्हिडिओ बघून जायचं आणि त्यालाच शिकवायचं. काकांनी एकदा शांतपणे सांगितलं की दोन तास शोधून एक वायर सापडली तर लोक वायरीचे पैसे देतात, शोधायचे देत नाहीत, म्हणून मग लोक पार्ट बदलतात, त्याचे पैसे मिळतात. यावर मला काही बोलता आलं नाही. स्पेशालिस्ट साहेबांना घडवण्यात माझ्यासारख्यांचा हात असणार थोडा. आता मी शोधायचे पैसे वेगळे विचारून देतो, काही सापडलं नाही तरी. आणि एक वही ठेवलीय, तारीख, किलोमीटर, काय केलं, काय काढलं, काय लक्षण होतं. काका गाडी बघायच्या आधी वही बघतात.

एक काम मात्र मी स्वतः शिकलो, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट बरोबर लावणं. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी राहिलेली गाडी, आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) 0.15 मिलिमीटरचं. पाती आत सरकली पाहिजे पण थोडी ओढ लागली पाहिजे, ती ओढ किती हे कोणी सांगून कळत नाही. शिकलो ते पैसे वाचवायला नाही, मला नुसतं कळायला हवं होतं की कोणी "झालं टॅपेट" म्हणालं तर खरंच झालंय का. आणि त्यात एक उलटी गंमत समजली. या इंजिनात टॅपेटचा थोडा आवाज चांगला. सैल असलं तर टकटक ऐकू येतं आणि आपण सावध होतो, टाइट झालं की छान शांत होतं आणि शांतपणे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. "आवाज घालवून देतो" म्हणणारे किती भेटले असतील मला, आणि मी त्यांच्यावर खूश होत होतो.

त्यातही तीन नंबरचा सिलिंडर. माझ्या मॉडेलला ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच, तीन नंबरच्या डोक्यावर उभा आहे, त्यामुळे त्याला हवा कमी आणि ती पण आधीच तापलेली मिळते. कंपनीला हे माहीत होतं, म्हणून डिस्ट्रिब्युटरमध्येच त्या एका सिलिंडरचा स्पार्क जरासा उशिरा ठेवलेला. व्हॉल्व्ह तुटायचा झाला तर बहुतेक तिथलाच तुटतो. टॅपेट बघताना काका तीन नंबरला दोनदा बघतात.

काकांचं वय झालंय, गुडघे वाकत नाहीत, खाली झोपून करायची कामं आता त्यांच्याकडचा पोरगा करतो. एकोणीस-वीसचा असेल, कमी बोलतो. मागच्या महिन्यात ऑइल बदलायला गेलो तेव्हा तो गाडीखाली होता आणि मी शेजारी उकिडवा बसून बघत होतो, खोटं कशाला बोलू, मी त्याच्या हातातला पाना बघत होतो. छोटा होता. दोन बोटांत. सहाही नट आधी हाताने लावले त्याने, मग समोरासमोरचे एकेक करत थोडे थोडे. मग टॅपेट. एक आणि दोन काकांनी केले, आणि फिलर गेज त्याच्या हातात दिलं, तीनसाठी. त्याने केलं. काकांनी पाती घालून ओढून बघितली, परत घातली, परत ओढली, काही बोलले नाहीत, गेज परत त्याच्याकडे दिलं आणि हात पुसत बाहेर जाऊन उभे राहिले. चार नंबर त्याने एकट्याने केला.